हरवलेला कर्सर आणि कळफलकाची वाट

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. दहावी उत्तीर्ण होऊन गेलेली आपली एक विद्यार्थिनी वडिलांसह शाळेच्या संगणक कक्षात आली होती. वडिलांनी त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. नेमका त्या संगणकाचा माउस सकाळपासून बंद होता. टॅबची कळ दाबली की पुढच्या रकान्यात जाता येते, एवढे तिला ठाऊक होते. त्याच आधारावर तिने अर्ज पूर्ण केला आणि वेळेत पाठवला. दोन आठवड्यांनी अर्ज परत आला. कारण दिले होते : उत्पन्नाचा आकडा दाखल्याशी जुळत नाही. दाखल्यावर अठ्ठेचाळीस हजार होते, अर्जात ४७,९९५. "जरा लक्ष देऊन भरत जा," असे मीही तिला म्हणालो. ती काही बोलली नाही.

त्रुटी दुरुस्त करण्यासाठी तोच अर्ज पुन्हा उघडला तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो. तिने आकडा अचूक टंकित केला आणि पानाचा खालचा भाग पाहावा म्हणून खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबली. पान हलले नाही, म्हणून पुन्हा दाबली. त्या प्रत्येक दाबासरशी रकान्यातला आकडा एकेकाने कमी होत होता, आणि आमच्या दोघांच्याही डोळ्यांदेखत अठ्ठेचाळीस हजारांचे ४७,९९५ झाले. चूक निष्काळजीपणाची नव्हती. आपल्या कळा नेमक्या कोठे जाऊन पोहोचत आहेत हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि शिकवणे ज्याचे काम होते त्या मलाही ते ठाऊक नव्हते.

त्या दिवसानंतर मी हा विषय विद्यार्थ्यासारखा शिकलो. प्रवेश, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, नोकरीचा अर्ज, बँकेचे खाते हे सारे आता ब्राउझरच्या पानावरूनच जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, जे हाती लागले ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

'कर्सर' नावाच्या तीन गोष्टी

आपण 'कर्सर हरवला' असे सरसकट म्हणतो, पण पडद्यावर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पहिला माउसचा बाण, म्हणजे पॉइंटर. माउस किंवा टचपॅड हलवला की तो हलतो. दुसरी मजकुरात लुकलुकणारी उभी रेघ. अक्षर कोठे उमटेल ते ही रेघ सांगते. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे फोकस. पानावरील दुवे, रकाने, बटणे यांपैकी या क्षणी कळफलकाचे ऐकणारा घटक कोणता, हे फोकस ठरवतो. सामान्यतः त्या घटकाभोवती निळसर किंवा काळी चौकट दिसते.

या तिघांच्या जागा एकमेकांवर अवलंबून नसतात. बाण पानाच्या तळाशी असेल आणि फोकस वरच्या रकान्यात असेल, तर दाबलेली कळ वरच्या रकान्याकडेच जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडले. फोकस उत्पन्नाच्या रकान्यात होता आणि केवळ संख्येसाठी केलेल्या रकान्यात वर-खाली बाणांच्या कळा आकडा वाढवतात किंवा घटवतात. अशा रकान्यात फोकस असताना माउसचे चाक फिरवल्यासही काही ब्राउझरांत आकडा बदलतो. यावर उपाय सोपा आहे. संख्या भरली की लगेच टॅब दाबून त्या रकान्याबाहेर पडावे आणि अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक आकडा कागदाशी पुन्हा ताडून पाहावा.

थोडा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने या साधनांचे मूळ शोधल्यावाचून मला राहवले नाही. 'कर्सर' हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ धावणारा. संगणकापूर्वी अभियंते गणितासाठी सरकपट्टी वापरीत, तिच्यावरील सरकत्या पारदर्शक भागाला हे नाव होते. 'टॅब' हे टॅब्युलेटरचे लघुरूप. टंकलेखन यंत्रावर तक्त्याचे रकाने सरळ रेषेत यावेत यासाठी ती कळ होती. डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवले, परंतु घरोघरच्या संगणकांपर्यंत तो पोहोचण्यास पुढे बराच काळ गेला.

वेबच्या आरंभीच्या काळात तर केवळ अक्षरे दाखवणारे ब्राउझर होते. एकात प्रत्येक दुव्याला क्रमांक असे आणि तो क्रमांक टंकित करून पुढे जावे लागे. १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला 'लिंक्स' हा ब्राउझर बाणांच्या कळांनी चालत असे. म्हणजे कळफलकाने वेब वाचणे ही माउस बिघडल्यावर शोधलेली पळवाट नाही, ती आरंभापासूनची वाट आहे. आजही प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये ती शाबूत आहे.

माउसविना पान चालवण्याची रीत

टॅब दाबल्यास फोकस पुढच्या घटकावर जातो, शिफ्ट धरून टॅब दाबल्यास मागच्या. दुवा उघडण्यासाठी एंटर. बटणासाठी एंटर किंवा स्पेस. चौकोनी खुणेच्या पर्यायावर बरोबरची खूण करण्यासाठी आणि ती काढण्यासाठी स्पेस. गोल खुणेच्या पर्यायांत बाणांच्या कळांनी निवड सरकते. तेथे टॅब दाबल्यास सारा गटच ओलांडला जातो आणि 'मला दुसरा पर्याय निवडताच येत नाही' अशी तक्रार उद्भवते. जिल्हा-तालुक्यांच्या उघडणाऱ्या यादीसाठी ऑल्ट आणि खालचा बाण. यादीत हव्या त्या नावाचे पहिले अक्षर दाबले तरी बहुधा तेथपर्यंत उडी घेता येते.

पत्त्याच्या पट्टीत जाण्यासाठी कंट्रोल आणि एल, मागच्या पानावर जाण्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण, चुकून बंद झालेला टॅब परत आणण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि टी. रकान्यात फोकस नसेल तर स्पेसने पान खाली सरकते, शिफ्ट आणि स्पेसने वर. पान लांब असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून हवा तो शब्द शोधावा आणि एस्केप दाबून शोधपट्टी बंद करावी. पुढचा टॅब सहसा त्या शब्दापासूनच चालू लागतो. शंभर वेळा टॅब दाबण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबल्यास पुष्कळदा अपुरा अर्जच पाठवला जातो. म्हणून रकाना बदलताना एंटर नको, टॅबच हवा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

'केवळ वाचण्याच्या पानावर रेघ लुकलुकते आणि बाणांनी पान सरकत नाही.' ही तक्रार सर्वाधिक येते आणि तिचे कारण बहुधा एकच असते. चुकून एफ ७ ही कळ दाबली गेलेली असते. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत एफ ७ दाबल्यास वाचनाच्या पानावरही मजकुराचा कर्सर अवतरतो. अशा वेळी ब्राउझर आधी एक प्रश्न विचारतो; आपण घाईत होकार देतो आणि विसरतो. पुन्हा एफ ७ दाबले की पूर्ववत होते. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन ही कळही सोबत धरावी लागते. संगणकात विषाणू शिरला, या समजुतीने अशा संगणकाच्या दुरुस्तीचे पैसे मोजलेले पालक मी पाहिले आहेत.

हीच सोय जाणून वापरल्यास उपयोगाची आहे. माउस नसताना पानावरील परिच्छेद उतरवून घ्यायचा असेल तर एफ ७ दाबावे, बाणांनी आरंभापाशी जावे, शिफ्ट धरून बाणांनी मजकूर निवडावा आणि कंट्रोल व सी दाबावे.

'लिहिता लिहिता कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो.' लॅपटॉपवर टंकित करताना तळहाताचा किंवा अंगठ्याचा स्पर्श टचपॅडला होतो आणि तो त्यास टिचकी समजतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टचपॅडची संवेदनशीलता कमी करता येते. वेगळा माउस जोडला असता टचपॅड बंद राहील अशी व्यवस्थाही तेथेच आहे.

'बाण पूर्णपणे नाहीसा झाला आहे.' अनेक लॅपटॉपवर टचपॅड बंद-चालू करणारी एक कळ वरच्या ओळीत असते. तिच्यावर टचपॅडचे लहानसे चित्र असते. ती चुकून दाबली गेली का, हे प्रथम पाहावे. बाण असूनही दिसत नसेल तर विंडोजमध्ये माउसच्या सेटिंग्जमध्ये एक सोय आहे. ती चालू केल्यास कंट्रोल दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटतात. दृष्टी मंदावलेल्या आम्हा वयस्करांसाठी बाण मोठा करण्याची आणि मजकुरातील रेघ जाड व रंगीत करण्याची सोयही आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

'आकड्यांच्या कळा दाबल्या तर आकडे उमटत नाहीत.' न्यूम लॉक बंद असेल तर उजवीकडील आकड्यांच्या कळा बाणांचे काम करतात. आकड्यांऐवजी माउसचा बाणच सरकू लागला असेल, तर 'माउस कीज' ही सोय चालू झाली आहे असे समजावे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि न्यूम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्यास ती चालू वा बंद होते. माउस मोडला असता हीच सोय मदतीस येते : आठने बाण वर, दोनने खाली, चारने डावीकडे, सहाने उजवीकडे आणि पाचने टिचकी.

'कळा उमटतच नाहीत, किंवा फार वेळ दाबून धराव्या लागतात.' उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली गेली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करण्याविषयी विचारते. ती चालू झाली की क्षणभर दाबलेल्या कळांकडे संगणक दुर्लक्ष करतो. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यास 'स्टिकी कीज'ची विचारणा होते. तिच्यात शिफ्ट, कंट्रोल यांसारखी कळ एकदा दाबली की पुढची कळ येईपर्यंत ती धरून ठेवल्यासारखी राहते. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना एकाच हाताने काम करावे लागते त्यांच्यासाठी या सोयी आहेत. चुकून चालू झाल्यास त्याच रीतीने त्या बंद होतात.

'बॅकस्पेस दाबल्यावर पूर्वी मागचे पान येई, आता येत नाही.' हा बिघाड नाही. रकान्यात फोकस नसताना बॅकस्पेस दाबल्यामुळे लोकांचे भरलेले अर्ज पुसले जात, म्हणून क्रोमने २०१६ साली आणि फायरफॉक्सने २०२१ साली ही प्रथा मोडली.

'सफारीत टॅब दाबल्यास दुव्यांवर जाता येत नाही.' मॅक संगणकावरील या ब्राउझरच्या प्रगत सेटिंग्जमध्ये, टॅबने पानावरील प्रत्येक घटक उजळावा, असा पर्याय आहे; तो चालू करावा.

देवनागरीतील कर्सर

मराठी मजकुराची एक स्वतंत्र अडचण आहे आणि तिच्यापायी अर्जातील नावे चुकतात. आपण कागदावर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतो. संगणक मात्र ती अक्षरानंतर साठवतो. 'सिद्धार्थ' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाकडे त्याची नऊ चिन्हे असतात : स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त आणि थ.

बाणाची कळ सामान्यतः अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र ओलांडते, त्यामुळे 'सि'च्या मध्ये कर्सर उभा राहत नाही. बॅकस्पेस मात्र बहुधा एकेक चिन्हच मागून पुसते. 'सि'च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबल्यास केवळ वेलांटी जाते, 'स' उरतो. उलट 'सि'च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबल्यास अक्षर आणि वेलांटी दोन्ही जातात. 'सिद्धार्थ'च्या शेवटी एकदा बॅकस्पेस दाबल्यास 'थ' जातो आणि त्याच्या डोक्यावरचा रफार 'र्' होऊन खाली उतरतो. नवशिक्याला वाटते की नवे अक्षर घुसले; प्रत्यक्षात जुनेच उघडे पडलेले असते. अशा वेळी न घाबरता 'थ' पुन्हा टंकित करावा.

जोडाक्षरांविषयी ब्राउझरांमध्ये एकवाक्यता नाही. 'क्ष'सारखे जोडाक्षर काही ठिकाणी बाणाच्या एका दाबात ओलांडले जाते, काही ठिकाणी दोन दाबांत. देवनागरीसारख्या लिप्यांतील जोडाक्षर हा एकच घटक मानावा, असा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे बाण दाबूनही कर्सर हलला नाही असे वाटले, तर तो जोडाक्षराच्या पोटात असू शकतो. आणखी एकदा बाण दाबावा. मात्रा दुरुस्त करायची असता अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस वापरावे आणि दुरुस्तीनंतर नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी अक्षरशः ताडून पाहावे.

दोष शोधण्याचा क्रम

पहिल्यांदा कोणता कर्सर हरवला ते ठरवावे : बाण, रेघ की फोकस. नंतर एस्केप दाबून पाहावे. अर्धवट उघडलेली यादी किंवा खिडकी फोकस अडवून बसलेली असू शकते. पानात बसवलेला व्हिडिओ किंवा पीडीएफ कळा गिळत असेल तर एफ ६ किंवा कंट्रोल आणि एल दाबून बाहेर यावे. त्यानंतर एफ ७ पाहावे.

पुढची पायरी तुलनेची. नोटपॅड उघडून त्याच कळा तेथे दाबाव्यात. तेथेही त्या चालत नसतील तर दोष कळफलकाचा किंवा विंडोजच्या सेटिंग्जचा आहे. विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळांनी पडद्यावरचा कळफलक उघडून तात्पुरते काम भागवता येते. नोटपॅडमध्ये चालतात आणि ब्राउझरमध्ये नाहीत, असे असेल तर खासगी खिडकी उघडावी : क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. खासगी खिडकीत जोडलेली एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात. तेथे सारे सुरळीत चालले तर एखादे एक्स्टेन्शन कळा पळवीत आहे. तेथेही अडले तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडावे, आणि त्याच ब्राउझरमध्ये दुसरे पान. सर्व ब्राउझरांत तेच एक पान अडत असेल, तर दोष आपला नाही. तो पानाचा आहे.

दोष पानाचा असतो तेव्हा

अनेक संकेतस्थळे फोकसची चौकट दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकतात. क्रोमच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये फोकस झालेला घटक क्षणभर उजळवण्याचा पर्याय आहे. तो थोडाफार आधार देतो. काही पानांवरची जन्मतारखेची दिनदर्शिका केवळ माउसनेच उघडते. काही खिडक्यांत टॅब आत शिरतो, पण बाहेर येत नाही. माउस चालत असलेल्या माणसाला हा लहानसा त्रास वाटेल. पण पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साह्याने वेब वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याकडे माउसचा पर्यायच नसतो. त्याच्यासाठी ते दार बंदच असते.

या बाबतीत नियम नाहीत असे नाही. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पहिल्यांदा १९९९ साली प्रसिद्ध झाली. २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन गोष्टी स्पष्ट आहेत : प्रत्येक कार्य कळफलकाने करता आले पाहिजे, कळफलक वापरणारा कोठेही अडकून पडता कामा नये आणि फोकस डोळ्यांना दिसला पाहिजे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम ४२ माहिती व संचार तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग आहे, असा निर्णय दिला. तेव्हा एखाद्या सरकारी पानावर टॅब अडकत असेल तर केवळ हळहळू नये. पानाचा पत्ता, ब्राउझरचे नाव, दाबलेली कळ आणि त्यानंतर काय झाले एवढे चार ओळींत लिहून संबंधित विभागाकडे पाठवावे. लेखी तक्रारीची नोंद राहते.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज दुरुस्तीच्या मुदतीत पुन्हा गेला आणि मंजूर झाला. मी तिला म्हटलेले वाक्य मात्र मागे घेता आले नाही. तिच्यापाशी चूक कबूल केली एवढेच. पुढच्या वर्षापासून आमच्या संगणक कक्षात दर महिन्याला एक तास माउस काढून ठेवून घेतला जातो. मुले आधी गोंधळतात, मग हसतात आणि तासाच्या अखेरीस सराव म्हणून दिलेला अर्ज केवळ कळांवर भरून दाखवतात. पालकांना विनंती एवढीच की मुलाचा अर्ज चुकला तर रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, 'या क्षणी फोकस कोठे आहे?' उत्तर सापडले की अर्धी दुरुस्ती झाली असे समजावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी संगणकाच्या क्षेत्रात नाव मिळवले आहे, त्यांच्याकडून या शाळेची एकच अपेक्षा आहे. आपण तयार केलेले पान लोकांसमोर ठेवण्यापूर्वी माउस बाजूला ठेवून ते एकदा आरंभापासून अखेरपर्यंत टॅबने चालवून पाहा. कोठेतरी एखादी मुलगी त्याच पानासमोर, मजुरी बुडवून आलेल्या वडिलांना शेजारी घेऊन बसलेली असेल.